आईच्या खोलीतला उकाडा: डिचोलीतल्या घराच्या नोंदी

घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती आणि वर मंगळुरी कौलं. सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, आणि मधली खोली याच भागात. मागच्या बाजूला १९९८ साली स्लॅब घालून दोन खोल्या, लांब पॅसेज आणि न्हाणी वाढवली. पॅसेजच्या दक्षिण टोकाला स्वयंपाकघर, मध्ये आमची खोली, उत्तर टोकाला आईची खोली आणि तिच्या शेजारी न्हाणी. आई ७८ वर्षांची. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणून न्हाणीजवळची खोली तिची. आणि तीच घरातली सगळ्यात तापणारी खोली. एसी तिला नको आहे, गार वाऱ्याने गुडघे धरतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती चार रात्री नीट झोपली नाही, तेव्हा हे काम हातात घेतलं. ज्यांच्या घराला अर्धं कौल आणि अर्धा स्लॅब आहे त्यांना उपयोग होईल म्हणून चुकांसकट लिहून ठेवतो.

१ मार्च २०२५

पाच डिजिटल थर्मामीटर आणले, हवेतला दमटपणाही दाखवणारे. एकेक २९० रुपयांना. आणल्या आणल्या खोल्यांत लावले आणि पहिला दिवस वाया घालवला. संध्याकाळी शंका आली म्हणून पाचही एकाच परडीत घालून रात्रभर देवाच्या खोलीत ठेवले. सकाळी त्यांच्यात १.४ अंशांचा फरक. आता प्रत्येकावर चिकटपट्टी लावून किती मिळवायचं, किती वजा करायचं ते लिहिलंय. हे आधी केल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी चूक, आईच्या खोलीतला थर्मामीटर मी पश्चिमेच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. तो हवेचं नाही, भिंतीचं तापमान सांगत होता. आता पाचही सुतळीने खोलीच्या मध्यभागी, खाटेच्या उंचीवर लोंबकळत सोडले आहेत.

२ मार्च, रविवार

दिवसभर दर दोन तासांनी नोंद घेतली. दुपारी दोन वाजता सोपा ३४.५, आईची खोली ३२.६. रात्री साडेनऊला बाहेर २७.८, सोपा २९.२, मधली खोली २९.९, स्वयंपाकघर ३०.६, आमची खोली ३३.१, आईची ३३.८. पहाटे पाचला बाहेर २४ अंश आणि आईच्या खोलीत ३२.४.

म्हणजे बाहेर अंगावर पांघरूण घ्यावं अशी हवा, आणि आतमध्ये आई साडेआठ अंश जास्त उकाड्यात. हा आकडा वहीत लिहिताना मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती "उकडतं रे" म्हणायची आणि मी पंखा पाचवर आहे का एवढंच बघायचो.

वायरमन मित्राकडून तापमान मोजायची बंदूक मागून आणली. (कोविडच्या वेळची कपाळाची बंदूक आधी वापरून पाहिली, ती अंगाच्या तापापुरतीच चालते, स्लॅबसाठी काही कामाची नाही.) स्लॅबची खालची बाजू दुपारी तीनला ३५.५, रात्री आठला ३७.२. दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब रात्री खाली सोडतो. कौलाचं उलटं, ते उन्हात झटकन तापतं आणि दिवेलागणीपर्यंत निवतंही. त्यामुळे आमच्या घरात गरम बाजू दिवसातून दोनदा बदलते: दुपारी पुढची, रात्री मागची.

४ मार्च

सगळ्यात सोपा उपाय आधी करून पाहिला. आईची खाट मधल्या खोलीत हलवली. पहिली रात्र ती छान झोपली. दुसऱ्या रात्री न्हाणीकडे जाताना मधल्या खोलीच्या उंबरठ्याला पाय अडखळला आणि ती पडली. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं. जुन्या घरांचे उंबरठे चार-पाच इंच उंच असतात आणि अंधारात म्हाताऱ्या माणसाला ते दिसत नाहीत. मी आधी विचार करायला हवा होता. खाट परत जुन्या जागी. माणसाला थंड खोलीत न्यायचं हा मार्ग आमच्यापुरता बंद, खोलीच थंड करायला हवी.

८ मार्च

कूलर आणला, ८,२०० रुपये. दुकानात त्याच्यासमोर उभं राहिल्यावर बरं वाटलं होतं, तिथे दारं सताड उघडी होती. घरी आईच्या खोलीत दोन तास लावला. तापमान १.२ अंश उतरलं, पण दमटपणा ६२ टक्क्यांवरून ८४ वर गेला. चादर ओलसर, अंगाचा घाम वाळेना. आई म्हणाली, "पावसाळ्यातल्या न्हाणीत बसल्यासारखं वाटतंय." कूलरचं सगळं काम पाणी सुकण्यावर चालतं, आणि आपल्या हवेत आधीच इतकं पाणी की आणखी सुकायला फारशी जागा नाही. विदर्भात, सोलापूरकडे तो उत्तम चालतो. गोव्यात बंद खोलीत नाही. आठवड्याने ओळखीच्या एकाला ५,२०० ला दिला, त्याच्या उघड्या गॅरेजसाठी. तीन हजार गेले.

१२ मार्च

मग विचार केला की रात्री बाहेरची हवा २४-२५ अंशांची फुकट मिळते, ती आत ओढून घ्यावी. ३०० मिलिमीटरचा एक्झॉस्ट पंखा आणला, २,३५० रुपये. भिंत फोडणं आणि वायरिंग १,८००. बसवला पॅसेजच्या दक्षिण टोकाला, वर, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. तिथेच का? तिथे आधीच वायर होती आणि चारशे रुपये वाचत होते. या चारशे रुपयांनी पुढचे पंधरा दिवस खाल्ले.

१३ मार्च

पहिल्या रात्रीचा हिशेब. पंखा साडेनऊ ते पाच. स्वयंपाकघर ३०.६ वरून २६.४. आमची खोली ३३ वरून ३०.८. आईची ३३.६ वरून ३२.०. पंख्याशिवाय ती १.४ अंश उतरत होती, पंख्याने १.६. सगळा खटाटोप दोन दशांश अंशांसाठी.

दिवसा उदबत्ती घेऊन घरभर फिरलो. पंखा चालू असताना स्वयंपाकघराच्या खिडकीत धूर आडवा होऊन आत धावतो. ती खिडकी पंख्यापासून सहा फुटांवर. आमच्या खिडकीत तो थोडासा झुकतो. आईच्या खिडकीत सरळ वर जातो, जणू पंखा नाहीच. आणि आईचं दार रात्री बंद असतं, मांजरं येतात म्हणून. म्हणजे हवेला तिच्या खोलीतून बाहेर पडायला वाटच नव्हती.

उद्यापासून शिगमोचे दिवस, पुढचा आठवडाभर गवंडी मिळणार नाही. तोवर विचार करू.

१६ मार्च, रविवार

माझा बेत होता दीडपट मोठा पंखा आणायचा. दुपारी इंग्लंडमधल्या स्विंडनहून भाच्याचा फोन आला. आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे आहेत, तोही सात वर्षं तिथेच. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "मामा, पंखा बदलू नको. मला रेडिएटरने हेच केलं होतं."

तिकडच्या घरांत बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरवतो आणि पाणी परत बॉयलरकडे येतं. त्याचा बॉयलर स्वयंपाकघरात. तिथला रेडिएटर पाच मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापायचा आणि वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या लहान खोलीतला कोमट. आधी त्याने किल्लीने वरच्या टोकातली अडकलेली हवा सोडून पाहिली. रेडिएटर खाली गरम आणि वर थंड असेल तर ती हवा असते. त्याचा पूर्णच कोमट होता, म्हणून फरक पडला नाही. तिथल्या प्लंबरनेही त्याला मोठा पंप सुचवला होता. पण पाण्याला जी वाट जवळची आणि मोकळी त्याच वाटेने ते जातं. पंप मोठा केला तर जवळच्या रेडिएटरातून आणखी पाणी जाईल, पाइप आवाज करतील, आणि टोकाचा तसाच उपाशी राहील.

प्रत्येक रेडिएटरला दोन टोकांना दोन व्हॉल्व असतात. एक रोज हाताने फिरवायचा, आकडे असलेला. दुसरा प्लास्टिकच्या टोपीखाली, पान्याने फिरतो, तो एकदा लावून द्यायचा असतो. त्याने आकड्यांचे सगळे व्हॉल्व पूर्ण उघडले, नाहीतर ते मध्येच आपोआप बंद होऊन गोंधळ घालतात. मग टोपीखालचेही सगळे पूर्ण उघडून कुठला रेडिएटर आधी तापतो तो क्रम लिहिला. सगळ्यात आधी तापणारा जवळजवळ बंद करून फक्त पाव फेरा उघडा ठेवला, पुढचा अर्धा फेरा, असं करत शेवटचा पूर्ण उघडा. येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या पाइपांतला फरक सगळीकडे साधारण ११-१२ अंश येईपर्यंत तो थोडं थोडं फिरवत राहिला. एक व्हॉल्व हलवला की बाकीच्या सगळ्यांचं बदलतं, म्हणून दर वेळी थांबून पुन्हा मोजायचं. शनिवार-रविवार पूर्ण गेले, खर्च शून्य.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराची खिडकी घट्ट बंद केली आणि उदबत्ती घेऊन आईच्या खोलीत गेलो. दार उघडं ठेवलं होतं. धूर खिडकीपासून दाराकडे वाकला. अजून हलकाच, पण वाकला.

१७ ते २२ मार्च

आता रोज रात्री एकच बदल, आणि पहाटे पाचला नोंद. भाच्याने हे तीनदा बजावलं होतं आणि तरी मी १८ तारखेला दोन खिडक्या एकदम हलवल्या. कशाने काय झालं कळेना, ती रात्र वहीतून खोडून टाकली.

उदबत्तीपेक्षा चांगलं मोजमाप सापडलं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापून प्रत्येक खिडकीच्या वरच्या चौकटीला चिकटवली. पंखा चालू असताना पट्टी किती तिरकी होते ते लांबूनही दिसतं. सगळ्या पट्ट्या सारख्या तिरक्या व्हाव्यात हे उद्दिष्ट ठेवलं होतं, नंतर बदललं. सारखं कशाला? आईच्या खोलीची भिंतही पश्चिमेची आणि वर स्लॅब, तिला हवा जास्तच हवी. त्यामुळे तिची पट्टी सगळ्यात जास्त तिरकी हवी.

स्वयंपाकघराची खिडकी: पूर्ण बंद केली तर रात्रीच्या फोडणीचा वास पॅसेजमध्ये राहतो. एक बोट फट ठेवली.
आमची खिडकी: एक झडप बंद, दुसरी अर्धी.
मधल्या खोलीचं पॅसेजकडचं दार: बंद. हे उघडं राहिलं की पंखा पुढच्या कौलारू भागातली हवा ओढतो आणि तो भाग तर आधीच थंड आहे. हे माझ्या लक्षात यायला तीन रात्री लागल्या.
आईची खिडकी: दोन्ही झडपा सताड.

२२ ची पहाट: आईची खोली ३३.४ वरून ३०.१, दार उघडं ठेवून. आमच्या खोलीत ३०.९, म्हणजे आधीपेक्षा एक दशांश जास्त, तेवढं आम्हाला चालतं.

२३ मार्च, रविवार

आईच्या खिडकीची मच्छरदाणीची जाळी काढून धुतली. पाणी तांबडंलाल. रस्त्याची लाल माती दोन वर्षं तिच्यात बसत होती. धुतल्यावर पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी जास्त तिरकी झाली. पंखे घेण्याआधी जाळ्या धुवा. मला हे बाराव्या दिवशी सुचलं.

२६ मार्च

आज भीती वाटावी असा प्रकार झाला. आमच्या न्हाणीत अजून तांब्याच्या भाणात लाकडावर पाणी तापतं. पहाटे बायकोने नेहमीप्रमाणे जाळ घातला. पंखा चालूच होता. न्हाणीच्या धुराड्यातून वर जायचा तो धूर उलटा फिरून पॅसेजमध्ये आला आणि आईच्या उघड्या दारातून तिच्या खोलीत. ती खोकत उठली म्हणून कळलं.

घरातली हवा बाहेर ओढली की तिच्या जागी कुठून तरी हवा आत येतेच, आणि धुराडं ही सरळ मोकळी वाट. धूर दिसतो, पण जळत्या लाकडाचा कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. ज्यांच्या घरात चूल, भाण किंवा गॅसचा गिझर आहे त्यांनी ही नोंद दोनदा वाचावी. जाळ आणि एक्झॉस्ट एकाच वेळी चालू नकोत.

६५० रुपयांचा टाइमर बसवला. पंखा साडेचारला आपोआप बंद होतो, जाळ पाचच्या आधी घालायचा नाही. शिवाय न्हाणीच्या दाराला खालून रबराची पट्टी.

२ एप्रिल

पाडवा झाल्यावर गवंडी आला. दार उघडं ठेवून आईला शांत झोप लागत नाही, मांजर आत येतं, पॅसेजचा दिवा डोळ्यांवर येतो. म्हणून तिच्या दारावर झरोका पाडायचा ठरलं. दाराच्या वर लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी) आहे, त्याच्याही वरच्या थरातले दोन चिरे काढायचे आणि तिथे सिमेंटची जाळी बसवायची. लिंटेलला हात लावायचा नाही हे गवंड्याला आधीच सांगितलं.

सामान झाकायला सांगायचं मात्र विसरलो. चिरा ओल्यावर मऊ, सुकल्यावर कठीण, आणि छिन्नी लागली की लाल भुकटी. आईचं कपाट, पोथ्या, गादी, सगळ्यावर लाल थर. दोन दिवस साफसफाई. गवंडी १,२००, त्याच्या हाताखालचा ८००, जाळी २४०.

झरोक्यानंतर दार बंद ठेवूनही पहाटेचा आकडा ३०.३. जवळजवळ उघड्या दाराइतकाच. उष्ण हवा छताखालीच साठते, झरोकाही तिथेच, त्यामुळे पंखा नसतानाही पट्टी थोडी हलते. आजोबांच्या बाजूच्या प्रत्येक दारावर लाकडी जाळी आहे. १९९८ मध्ये स्लॅबच्या खोल्या बांधताना ती कुणी घातली नाही, आणि घरातल्या आम्हा कुणाच्याही ते डोळ्यांत आलं नाही.

६ एप्रिल, रामनवमी

रात्री साडेनऊचा आकडा अजून ३३ च्या वरच. हवा कितीही फिरवली तरी वर तापलेला स्लॅब आहे तो आहे. आई झोपायला जाते साडेनऊला, आणि तिला थंडावा मिळतो पहाटे तीनला. मी कामाचा क्रम चुकवला. आधी उष्णता आत येणं रोखायला हवं होतं, मग हवा वाटायची. तीन आठवडे यात गेले.

पत्र्याचं छत घालण्याचा खर्च विचारला. ४२० चौरस फुटांना लाखाच्या वर, पंचायतीची परवानगी वेगळी, आणि वर माडाची झाडं. नारळ पडून पत्रा वाकल्याचं शेजारी पाहिलंय. सध्या नको.

११ ते १३ एप्रिल

स्लॅबवर चुना. २५ किलो कळीचा चुना ड्रममध्ये रात्रभर भिजवला. चुन्यावर पाणी ओतल्यावर ते उकळतं आणि अंगावर उडतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच करा, मुलांना लांब ठेवा. सकाळी जुन्या पंच्यातून गाळला, त्यात चुना धरून राहावा म्हणून एक किलो बाइंडर. स्लॅब झाडून, शेवाळ घासून काढून, ओला करून मग ब्रश.

पहिला हात मी दुपारी अकराला सुरू केला. तापलेल्या स्लॅबवर चुना लावताक्षणी सुकला आणि दुसऱ्या दिवशी बोटाला पिठासारखा लागला. तो झाडून टाकला. पुन्हा संध्याकाळी साडेपाचनंतर लावला, रात्री हलकं पाणी शिंपडलं, दुसरा हात पुढच्या संध्याकाळी. सगळं मिळून ८५० रुपये आणि माझी पाठ.

स्लॅबचा वरचा पृष्ठभाग दुपारी दोनला आधी ५८ होता, आता ४४. खालची बाजू रात्री आठला ३७.२ ऐवजी ३३.६. साडेआठशे रुपयांच्या चुन्याने जे केलं ते सात हजारांच्या कूलर-पंख्याने केलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

आता पश्चिमेची भिंत. ती नऊ इंची चिऱ्याची, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि गडद विटकरी रंग. संध्याकाळी सहाला आतून ३५ अंश.

पावसाळ्याआधी वसरीला (ओसरीला) लावतो तशी माडाच्या चुडतांची (झावळ्यांची) विणलेली मल्लं आणली, २४ नग, ६० रुपयांना एक. पहिल्यांदा भिंतीलाच चिकटवून बांधली. दोन दिवसांत फरक जेमतेम अर्धा अंश, आणि खालच्या रांगेत वाळवीची मातीची रेघ दिसली. सोडली. मग बांबूंचा सांगाडा करून भिंतीपासून सहा इंच पुढे आणि जमिनीपासून फूटभर वर टांगली, काथ्याच्या दोरीने. आता मल्लं तापतात, पण मधल्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. भिंत आतून ३५ वरून ३२.४. बांबू ७२०, दोरी १५०.

खिडकीसमोर मल्ल लावलं नाही. नाहीतर तीन आठवड्यांची हवेची मेहनत पाण्यात गेली असती.

२७ एप्रिल

पुढच्या भागाचं थोडक्यात. दुपारी सोपा ३४.५. कौलांखालच्या माळ्याच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींतल्या जाळ्या वटवाघळांमुळे कधीतरी गोणपाटाने बंद केल्या होत्या. गोणपाट काढून बारीक तारेची जाळी लावली. काचेची दोन कौलं सरळ खाटेवर ऊन टाकत होती, तिथे साधी कौलं घातली. सगळं मिळून १,१००. दुपारी १.३ अंश उतरला.

४ मे, रविवार

गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर, त्यामुळे एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. आडव्या स्लॅबची खरी परीक्षा याच दिवसांत.

रात्री साडेनऊ: बाहेर २९.४, आईची खोली ३१.८, आमची ३२.१, स्वयंपाकघर ३१.२.
पहाटे साडेचार: बाहेर २६.६, आईची २८.५, आमची २९.३, स्वयंपाकघर २८.३.

मार्चमध्ये रात्री झोपताना मागच्या खोल्यांत तीन अंशांच्या वर फरक होता. आता मागच्या तीन खोल्या एका अंशाच्या आत आहेत. बाहेरची रात्र दीड-दोन अंशांनी जास्त गरम असतानाही आईची खोली मार्चपेक्षा दोन अंश खाली. ती रात्रभर झोपली. सकाळी म्हणाली, "आज चादर घ्यावी लागली रे पहाटेला."

चुना लावल्यावर खिडक्यांची मांडणी पुन्हा लावावी लागली. आमची झडप आधी अर्धी होती, आता तिला पाव भागच पुरतो.

२१ मे

काल दुपारपासून धो धो पाऊस. जून अजून दहा दिवस लांब. सकाळी पागोळ्यांखाली पांढरं पाणी वाहताना दिसलं. वर जाऊन पाहिलं तर पन्हाळीच्या बाजूचा तिसरा हिस्सा चुना धुऊन गेला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात चुना टिकणार नाही हे माहीत होतं, पण मी धरून चाललो होतो की तो मे तरी काढेल. मल्लं ओली होऊन वजनदार झाली आणि एक बांबू वाकला, तो दोरीने आवळला.

२८ मे

पाऊस थांबलेला नाही. मान्सून २४ तारखेला केरळात पोचला, २००९ नंतर इतका लवकर कधी आला नव्हता. आता बाहेर रात्री २५ अंश आणि दमटपणा ९५ टक्के. पंखा रात्रभर चालवला तर पोथ्यांना ओल येते, हे तीन दिवसांत कळलं. टाइमर बदलून आता फक्त साडेनऊ ते अकरा.

८ जून, रविवार

खर्चाची बेरीज: थर्मामीटर १,४५०, कूलरचा तोटा ३,०००, पंखा आणि वायरिंग ४,१५०, झरोका २,२४०, चुना ८५०, मल्लं-बांबू-दोरी २,३१०, टाइमर ६५०, कौलांकडचं १,१००. एकूण १५,७५०. यातला कूलर नको होता, आणि पंखा आईच्या खोलीच्या टोकाला लावला असता तर निम्म्या खिडक्या आवळाव्याच लागल्या नसत्या. मात्र तिथे तो तिच्या उशापाशी घरघरला असता, आणि न्हाणीचा धूर आणखी जवळून ओढला असता. त्यामुळे आता तो हलवत नाही.

पावसानंतर, नोव्हेंबरात, स्लॅबवर पांढऱ्या चायना मोझॅकचं (फरशीच्या तुकड्यांचं) काम करायचं आहे. चुन्यासारखाच पांढरा, पण पावसाने जात नाही. गवंड्याला आताच सांगून ठेवलं, गणपतीनंतर तो मिळत नाही.

प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर झडप कुठपर्यंत उघडायची तिथे खिळ्याने रेघ मारली आहे. चुना असतानाची एक, नसतानाची दुसरी. आईच्या खिडकीला रेघ नाही, ती पूर्ण उघडायची. रात्री जेवणं झाली की आता आईच पॅसेजमधून काठी टेकत फिरते, स्वयंपाकघराची झडप रेघेवर आणते, मधलं दार लावते आणि पट्टी हलते का बघून मगच झोपायला जाते.